चेरी श्रिंप आणि गप्पीची पिल्लं जगत नाहीत? या चुका टाळा

"पिल्लं दिसली होती हो, पण आठवड्यात एकही उरलं नाही!" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: मधल्या दिवसांत पाणी कधी आणि किती बदललं? गप्पी या छोट्या माशाची मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं देते. चेरी श्रिंप, म्हणजे मत्स्यटाकीत पाळायची गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी, तीही सहज अंडी धरते. खरी काळजी त्यानंतर लागते, आणि बहुतेक वेळा घात होतो तो पाण्यात एकदम केलेल्या बदलाने. औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी तिकडे बघा.

कात टाकताना मरणारे श्रिंप

डोक्याच्या मागे, पाठीवर पांढरी रेघ गोल फिरलेली दिसते. श्रिंप मॉसवर (शेवाळासारख्या पाणवनस्पतीवर) बसलेला असतो, पाय हलत असतात, पण खात नाही. दुसऱ्या दिवशी मेलेला सापडतो. जुनं कवच मधोमध फाटलं, पण त्याला त्यातून बाहेर पडता आलं नाही.

याची दोन मोठी कारणं म्हणजे पाण्यात क्षार कमी असणं किंवा त्यांचं प्रमाण अचानक बदलणं. मुंबईत धरण-तलावांचं नळाचं पाणी मऊ असतं, तर बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरे डाग पडतात. आज नळाचं, उद्या टँकरचं, परवा "शुद्ध असतं" म्हणून नुसतं आरओचं, असं पाणी घातलं की श्रिंप अवेळी कात टाकतात आणि त्यातच जातात. आरओमध्ये कवचाला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ नसतं. चेरीला जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा, 6 ते 8च्या आसपास मानवतो. टेस्ट किट घ्याच, तो खर्च वाया जात नाही. पाणी आठवड्याला दहा-पंधरा टक्केच बदला, तेही क्लोरीन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं आणि हळूहळू सोडून. नवीन आणलेले श्रिंपही पिशवी फोडून लगेच ओतू नका. एअर पंपाच्या नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी त्यांच्या डब्यात थेंब-थेंब पडू द्या, दीड-दोन तास.

टाकीत पारदर्शक, पोकळ श्रिंप पडलेला दिसला तर घाबरू नका, ती टाकलेली कात आहे. काढूही नका, श्रिंप ती खातात. मेलेला श्रिंप गुलाबीसर आणि अपारदर्शक होतो. तो मात्र लगेच काढा.

विष बाहेरून येतं

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे स्वयंपाकघरात झुरळांसाठी फवारणी झाली. टाकी बाहेरच्या खोलीत होती, म्हणून मी निर्धास्त होते. पण एअर पंप चालूच होता, आणि तो खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो हे मला त्या दिवशी सुचलं नाही. सकाळी जवळजवळ सगळे श्रिंप वाळूवर आडवे होते. त्यात पोटाखाली अंडी असलेल्या चार माद्या होत्या. अजून आठवलं की वाईट वाटतं. डास-झुरळांवरची बहुतेक औषधं श्रिंपना अगदी थोडीही चालत नाहीत. फवारणीच्या दिवशी पंप बंद करून टाकी झाका. फार वेळ लागणार असेल तर पंप शुद्ध हवेच्या खोलीत ठेवून लांब नळी आणा.

दुसरा शत्रू तांबं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांत ते असतं, म्हणून श्रिंप असलेल्या टाकीत लेबल वाचल्याशिवाय काही घालू नका. घरातल्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणीही टाकीसाठी वापरू नका. पालक किंवा काकडी द्यायची तर नीट धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून द्या आणि उरलेलं काही तासांत उचला.

गप्पीची पिल्लं

आईबाप पिल्लं खातात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून मादीला आठवडाभर आधीच छोट्या ब्रीडिंग बॉक्समध्ये कोंडतात. ती तिथे बेचैन होते, कधी अपुरी पिल्लं टाकते. त्यापेक्षा टाकीत जावा मॉस आणि तरंगत्या वनस्पती भरपूर ठेवा, लपायला जागा मिळाली की बरीच वाचतात. उकडलेल्या अंड्याचा बलक देत असाल तर थांबवा. पाणी त्यानेच सर्वात लवकर नासतं. चुरलेला फ्लेक (माशांचं पापुद्र्यासारखं कोरडं खाद्य) चिमूटभर, दिवसातून तीन-चारदा पुरतो. जमल्यास आर्टिमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवांची, अंडी उबवा: लिटरभर पाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास मीठ, उजेड, खालून बुडबुडे, आणि 24 ते 36 तासांत नारिंगी ठिपके पोहू लागतात. त्यावर पिल्लांची वाढ डोळ्यांदेखत होते.

नर-माद्या तीन-चार आठवड्यांत वेगळ्या करा. मादी नराचं वीर्य अनेक महिने साठवते, त्यामुळे उशीर झाला तर पुढच्या पिढीचा बाप कोण हे कळणारच नाही.

फिल्टर स्पंजचाच हवा. लटकत्या फिल्टरच्या तोंडाला स्पंज न लावल्याने गायब झालेली पिल्लं मी मोजलेली नाहीत.

उन्हाळा

तापमान तिशीपार गेलं की पाण्यातला प्राणवायू घटतो. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पण त्याने पाणी भराभर उडतं आणि क्षार मागे राहतात. घट भरून काढायला आरओचंच पाणी वापरा, नळाचं किंवा बोअरचं रोज घातलं तर महिन्याभरात टाकी खारट होत जाते.

नवीन टाकी भरून लगेच श्रिंप सोडू नका. पाणी स्वच्छ दिसलं तरी अमोनिया पचवणारे जीवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात. लाल, निळे, पिवळे चेरी एकत्र ठेवले तर काही पिढ्यांत मातकट रंगाचे होतात. अमानो नावाच्या दुसऱ्या जातीचे श्रिंप अंडी धरतात, पण त्यांच्या अळ्यांना मचूळ, खारट पाणी लागतं. गोड्या पाण्यात पिल्लांची वाट बघू नका.

पिल्लं जास्त झाली तर ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. डासांसाठी गप्पी सोडायचे की नाही ते आरोग्य विभागाला ठरवू द्या. ओळखीत कुणाला द्यायची असतील तर पिशवीत त्याच टाकीचं पाणी घाला आणि मॉसचा एक गोळा ठेवा. प्रवासात श्रिंपना धरून बसायला काहीतरी लागतं.