टर्मिनल न उघडता लिनक्सवर गेम

लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत सिस्टमवर) गेम खेळायचे म्हणून कुणी मदत मागितली की मी आधी कागद-पेन घ्यायला सांगतो. जे चार-सहा गेम खरंच खेळायचे आहेत, त्यांची नावं लिहा. इन्स्टॉल वगैरे नंतर, आणि तेही टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) न उघडता. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात: आधी सिस्टम बदलतात, रात्रभर डाउनलोड करतात आणि मग कळतं की आपला लाडका गेम इथे चालणारच नाही.

यादीतलं एकेक नाव प्रोटॉनडीबी या साइटवर शोधा. खेळणाऱ्यांनी स्वतःचे अनुभव तिथे नोंदवलेले असतात आणि त्यावरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा बोर्क्ड असा शेरा मिळतो. नुसता शेरा बघून थांबू नका. आपल्यासारखं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांच्या ताज्या दोन-तीन नोंदी वाचा, खरी माहिती तिथे मिळते.

यादीत ऑनलाइन स्पर्धेचे गेम असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. फसवणूक पकडणाऱ्या ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या यंत्रणा २०२१ पासून लिनक्सवर चालू शकतात, पण गेमच्या निर्मात्याने तशी परवानगी द्यावी लागते. सगळे देत नाहीत. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स छान चालत होता, २०२४ च्या अखेरीस त्याचं दार बंद झालं. 'आर वी अँटी-चीट येट' या साइटवर अशा गेमची सद्यस्थिती दिसते. यादीतला मुख्य गेमच त्यात अडकला असेल तर विंडोज पुसू नका, शेजारी राहू द्या. त्यावर कुठलीही युक्ती शोधत बसण्यात अर्थ नाही.

कुठलं लिनक्स घ्यावं यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत थोडक्यात: रोजच्या कामासोबत गेम हवे असतील तर लिनक्स मिंट किंवा फेडोरा, यंत्र मुख्यतः गेमसाठीच असेल तर बॅझाइट. बॅझाइटमध्ये स्टीम (गेम विकत घेण्याचं आणि चालवण्याचं अॅप) आणि ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारे प्रोग्राम) तयारच येतात.

ड्रायव्हर आणि तो निळा पडदा

एएमडी किंवा इंटेलचं कार्ड असेल तर ही पायरी जवळपास नाहीच. त्यांचे मेसा ड्रायव्हर सिस्टमसोबत येतात, सिस्टम अपडेट ठेवली की झालं.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मिंटमधलं 'ड्रायव्हर मॅनेजर' किंवा उबुंटू या दुसऱ्या लिनक्समधलं 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा आणि ज्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तो निवडा. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून घेण्याची विंडोजची सवय इथे सोडा. कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या, पुढच्या अपडेटला तीच फाइल डोकेदुखी होते.

यंत्रात सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्राम सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळा पडदा येतो. कुठलंही बटण दाबायला तो दहाएक सेकंद देतो आणि मग गुपचूप पुढे निघून जातो. लोक नेमके त्याच वेळी चहाला गेलेले असतात. पडदा दिसताच बटण दाबा, 'एनरोल मॉक' निवडा, होकार द्या, तोच पासवर्ड टाका. हे हुकलं तर ड्रायव्हर इन्स्टॉल झालेला दिसतो पण लोड होत नाही, आणि गेम एकेक चित्र मोजत चालतो. असं झालं तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका आणि या वेळी पडद्यासमोर बसून राहा.

गेम ठेवायचे कुठे

इथे मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. विंडोजच्या डिस्कवर गेम आधीपासून उतरवलेले होते. पुन्हा कशाला डाउनलोड करायचं, म्हणून स्टीमला तीच डिस्क दाखवली. गेम दिसले, 'प्ले' दाबलं, बटण क्षणभर 'स्टॉप' झालं आणि परत 'प्ले'. मी ड्रायव्हर तीनदा बदलला. दोष ड्रायव्हरचा नव्हताच.

विंडोजचा गेम लिनक्सवर चालवताना स्टीमसोबत येणारं प्रोटॉन त्या गेमपुरतं एक छोटं खोटं विंडोज तयार करतं. त्यात सी ड्राइव्हचा आव आणणारी एक लिंक असते आणि तिच्या नावातच विसर्गासारखं चिन्ह असतं, सी आणि पुढे कोलन. विंडोज आपल्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच्या फाइलच्या नावात कोलन चालवून घेत नाही. त्यामुळे एक तर ती लिंक बनत नाही, किंवा बनली तरी पुढच्या वेळी विंडोज डिस्क तपासताना तिला बिघाड समजतं. भरीस भर म्हणजे विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर ते नीट बंदच होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला ती डिस्क फक्त वाचता येते.

म्हणून गेमसाठी लिनक्सच्या ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली जागा ठेवा. (फॉरमॅट केल्यावर त्या जागेवरचं सगळं जातं, आधी कॉपी करून घ्या.) मग स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडून ती जागा जोडा.

स्टीम आणि बाकीची दुकानं

स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' आहे. तिथे सगळ्या गेमसाठी प्रोटॉन वापरण्याचा पर्याय चालू आहे ना, एवढं बघा. नव्या आवृत्त्यांमध्ये तो बहुधा आधीच चालू असतो. स्टीमच्या व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन २०१८ मध्ये आणलं. त्याच्या पोटात विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं, १९९३ पासून घडत आलेलं वाइन आहे. सोबत विंडोजच्या डायरेक्टएक्सची चित्रं रंगवण्याची भाषा लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये उलथवणारे दुभाषे आहेत: जुन्या गेमसाठी डीएक्सव्हीके, डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन.

एपिक किंवा जीओजीवरचे गेम असतील तर फ्लॅटहब या लिनक्स अॅपच्या साइटवरून हिरोइक गेम्स लाँचर घ्या. इतर ठिकाणच्या जुन्या गेमसाठी लुट्रिस.

गेम सुरूच होत नसेल तर त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कम्पॅटिबिलिटी'वर जाऊन प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडा. आधी 'प्रोटॉन एक्सपेरिमेंटल' घेऊन पाहा. गेम चालतो पण मधल्या व्हिडिओच्या जागी जुन्या टीव्हीसारखे रंगीत पट्टे दिसतात, असं असेल तर 'प्रोटॉनअप-क्यूटी' नावाचं छोटं अॅप घेऊन त्यातून जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची स्टीमबाहेर सुधारलेली आवृत्ती उतरवा. व्हिडिओच्या बाबतीत ते अनेकदा सरस ठरतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गेम चालवून पाहा. प्रोटॉनडीबीवरच्या पाच लोकांच्या 'लाँच ऑप्शन्स' (गेम सुरू करताना द्यायच्या जादा सूचना) एकत्र डकवल्या तर नक्की काय बिघडलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

हात आणि डोळे

याबद्दल फार कमी लिहिलं जातं, पण लिनक्सवर खेळण्याचं मला हेच सगळ्यात मोठं सुख वाटतं: बटणं तुमच्या मर्जीने चालतात.

स्टीममध्ये गेमच्या पानावर कंट्रोलरचं चिन्ह असतं. तिथून मांडणी बदलायच्या पडद्यावर जा, बटणाशेजारचं दातेरी चाक दाबा. समजा नेम धरण्यासाठी एक बटण सतत दाबून ठेवावं लागतं आणि बोटं दुखतात. त्या बटणाला 'टॉगल' करा: एकदा दाबलं की नेम धरलेला, पुन्हा दाबलं की सुटला. भराभर दाबायचं बटण असेल तर 'टर्बो' लावा, मग नुसतं धरून ठेवलं तरी चालतं. एका हाताने खेळायचं असेल तर उजव्या बाजूची कामं डाव्या बाजूच्या बटणांवर आणा, आणि तेच बटण जास्त वेळ दाबल्यास दुसरं काम देता येतं तेही वापरा. गेमला स्वतःला यातलं काही कळत नाही, त्यामुळे ज्या गेममध्ये बटणं बदलायची सोयच नाही तिथेही हे चालतं. स्टीमबाहेरचा गेम 'अॅड अ नॉन-स्टीम गेम'ने जोडला की त्यालाही बहुधा हीच सोय मिळते.

दिसण्यासाठी डेस्कटॉपचीच मदत घ्या (केडीई आणि ग्नोम हे लिनक्सवरचे दोन डेस्कटॉप). केडीई प्लाझ्मा ६ मध्ये रंगांधळेपणासाठी रंग बदलून दाखवणारा पर्याय आहे, आणि बारीक अक्षरांसाठी पडदा मोठा करण्याची सोय केडीई आणि ग्नोम दोन्हींत आहे. ओर्का हा वाचून दाखवणारा प्रोग्राम मेनू आणि खिडक्या वाचतो. गेमच्या आतली अक्षरं मात्र गेम स्वतः रंगवतो, ती बहुतेक वेळा ओर्काच्या हाती लागत नाहीत.

ग्नोममधली एक गंमत सांगून ठेवतो. सुलभतेच्या सेटिंग्जमध्ये 'एनेबल बाय कीबोर्ड' चालू असेल आणि तुम्ही धावण्यासाठी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरला, तर 'स्लो कीज' सुरू होतं आणि ऐन पळापळीत कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. पुन्हा आठ सेकंद शिफ्ट धरला की तो जिवंत होतो. ती सोय वापरत नसाल तर तो पर्याय बंद ठेवा.

नवा गेम घेताना स्टीमच्या पानावर निर्मात्याने दिलेली सुलभतेची माहितीही बघा: अवघडपणा कमी-जास्त करता येतो का, कधीही सेव्ह करता येतं का. तरीही नाहीच जमलं तर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना पैसे परत मागता येतात. म्हणून नवा गेम पहिल्यांदा चालवाल तेव्हा कथेत रमू नका. बटणं, व्हिडिओ, आवाज आणि सेव्ह तपासून घ्या.