खुराडे विकत घ्यावे की घरी बांधावे, हे ठरवण्याची सोपी रीत

तयार खुराड्याच्या जाहिरातीत लिहिलेली कोंबड्यांची संख्या बहुधा फुगवलेली असते आणि हे खुराडे घरी आणल्यावरच लक्षात येते. म्हणून पैसे देण्यापूर्वी पुढीलप्रमाणे पडताळा घ्यावा.

१. खुराड्याच्या आतल्या जमिनीची लांबी व रुंदी फुटांत विचारून घ्यावी आणि त्या मापाची चौकट अंगणात खडूने किंवा दोरीने आखावी. अंडी घालण्याच्या पेट्या व बाहेरची जाळीबंद मोकळी जागा या मापात धरू नये, कारण विक्रेते नेमके तेच धरतात.

२. आलेल्या क्षेत्रफळाला ४ ने भागावे. मध्यम आकाराच्या प्रत्येक कोंबडीला आत सुमारे ४ चौरस फूट जागा लागते, त्यामुळे ३ फूट बाय ४ फुटांच्या खुराड्यात तीनच कोंबड्या नीट राहतात, मग पाटीवर सहा लिहिलेले का असेना.

३. जाळी, कडी आणि छप्पर यांपैकी दोन गोष्टी बदलाव्या लागणार असतील, तर घरीच बांधावे. दुरुस्तीचा खर्च धरला की तयार खुराड्याची स्वस्ताई उरत नाही. करवत व मोजपट्टी सरावाची नसेल, तर कोंबड्या राहण्याचे बंद खुराडे विकत घेऊन केवळ बाहेरचा जाळीबंद भाग स्वतः उभारणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

खुराडे कोणतेही असो, षटकोनी छिद्रांच्या पातळ जाळीवर विसंबू नये. ती कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा घुशीला रोखत नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच लावावी.