कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीत समुद्री जीव बघायला कसं जायचं

"ओहोटीला जा, खूप काही दिसतं" एवढा सल्ला सगळे देतात आणि तिथेच थांबतात. तो ऐकून लोक रविवारी सकाळी दहाला पोरांना घेऊन वांद्र्याच्या किंवा खारच्या किनाऱ्यावर येतात, गुडघाभर गढूळ पाणी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या बघतात आणि मुंबईच्या समुद्रात काही उरलंच नाही म्हणत घरी जातात. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण त्याच पाण्याखाली, तिथून वीस पावलांवर, समुद्रफुलं (सी अ‍ॅनिमोन) उघडून बसलेली असतात, फक्त त्या दिवशी पाणी तेवढं मागे गेलेलं नसतं. मी सात-आठ वर्षं दर हिवाळ्यात वांद्र्याच्या कार्टर रोडच्या खडकांवर उतरतेय, जुहू कोळीवाड्याकडेही जाते, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की यात बाकी सगळं सोपं आहे, अवघड आहे ती वेळ. जायची पण आणि परत फिरायची पण.

दिवस आणि वेळ

आधी हे डोक्यात पक्कं करा की रोजची ओहोटी सारखी नसते. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे "मागच्या रविवारी सातला होती ना ओहोटी" याला काही अर्थ नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी खाली उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही. भांगात गेलात तर ओहोटीची वेळ अगदी मिनिटावर गाठली तरी खडक उघडे पडणार नाहीत. मी पहिल्या वर्षी चार वेळा भांगातच गेले होते, कारण मी फक्त वेळ बघायचे, उंची बघतच नव्हते.

उंची म्हणजे टाइड टेबलमध्ये, भरती-ओहोटीच्या तक्त्यात, वेळेच्या बाजूला मीटरमध्ये जो आकडा असतो तो. मुंबईसाठीचे आकडे गेटवे ऑफ इंडियाजवळच्या अपोलो बंदरचे असतात, आपल्या वांद्रे-जुहूकडे वेळेत थोडी मिनिटं इकडेतिकडे होतात, तेवढं चालतं. ओहोटीचा आकडा ०.८ मीटरच्या खाली असेल तर जा. ०.५ च्या खाली असेल तर सुट्टी टाकून जा. १.२ च्या वर असेल तर घरी झोपा, मी स्पष्टच सांगते. आणि एकाच दिवसाच्या दोन ओहोट्यांचे आकडेही सारखे नसतात, सकाळची ०.४ आणि संध्याकाळची १.१ असं होऊ शकतं, त्यामुळे "आज ओहोटी छान आहे" एवढ्यावर निघू नका, कुठली छान आहे ते बघा.

हातात टेबल नसेल तरी कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. पौर्णिमेनंतर तिथी परत एकपासून मोजायची. वद्य तृतीया घ्या, तीनची पाऊणपट सव्वादोन, दुपारी सव्वादोनला भरती म्हणजे तिच्या सहा तास आधी, सकाळी आठच्या आसपास ओहोटी. हिशोब अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, पण कालनिर्णयवर नजर टाकून महिन्याचे दिवस ठरवायला पुरतो. नेमकी वेळ मग टेबलात बघायची. माझे लाडके दिवस म्हणजे द्वितीया आणि तृतीया, ओहोटीही खोल असते आणि उजाडलेलंही असतं. सकाळी उठवत नसेल तर चतुर्दशीची संध्याकाळ बघा, पण अंधार पडायच्या आत बाहेर यायचं हे लक्षात ठेवून.

महिने नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात खडकांवर उतरायचंच नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका.

आता परत फिरायची वेळ. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली आणि त्या वेळी माझ्यासोबत अकरा वर्षांचा भाचा होता. डिसेंबर होता, ओहोटी साडेसातची, आम्ही बरोब्बर साडेसातला उतरलो कारण मला वाटायचं की तीच वेळ. पुढच्या कातळाच्या एका फटीत ऑक्टोपस दिसला, आधी नुसता एक हात, त्यावरच्या चकत्या खडकाला चिकटत-सुटत होत्या, मग डोळा, मग सगळा खडकाच्याच रंगाचा होऊन गेला. आम्ही दोघं तिथे पाऊण तास बसलो. समोरचं पाणी तसंच शांत होतं, म्हणून मी निवांत. मागून एक कोळीण मावशी ओरडल्या, त्या कालवं काढायला आल्या होत्या. "ओ ताई, पाणी फिरलंय, मागं बघा की!" मागे बघितलं तर ज्या चरातून आम्ही कोरड्या पायांनी आलो होतो तिथे पाणी होतं. माझ्या गुडघ्यापर्यंत, म्हणजे भाच्याच्या मांडीपर्यंत, आणि ते वाहत होतं. मावशींनी त्याचं मनगट धरलं, आम्हाला डाव्या बाजूच्या उंच कातळावरून फिरवून बाहेर काढलं, आणि मग मला जे सुनावलं ते मी आजही विसरले नाही.

हे का होतं ते समजून घ्या. इथला खडक घराच्या उतारासारखा सरळ समुद्राकडे उतरत नाही. बाहेरचा कातळ उंच असतो आणि त्याच्यामागे, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला, खोल चर असतात. पाणी समोरून येत नाही, बाजूने चरात शिरतं आणि तुमच्या पाठीमागे भरतं. तुम्ही समुद्राकडे तोंड करून बसलेले, तुम्हाला कळणारही नाही.

दुसरं म्हणजे पाणी एका वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास, आणि एकूण चढ बारा भागांत वाटला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. उधाणाला समजा पाणी एकूण ४.२ मीटर चढणार आहे, तर पहिल्या तासात ३५ सेंटीमीटर, दुसऱ्यात ७०, आणि तिसऱ्यात एक मीटरपेक्षा जास्त. पहिला तास माणसाला फसवतो, फार काही झालेलं दिसत नाही आणि आपण म्हणतो अजून दहा मिनिटं. पण ते ३५ सेंटीमीटर चरात भरायला पुरेसे असतात आणि पुढचा तास त्याच्या दुप्पट असतो.

म्हणून माझा नियम असा. ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं, उतरत्या पाण्याच्या मागे मागे बाहेर जायचं, आणि ओहोटीच्या वेळेचाच अलार्म लावायचा. अलार्म वाजला की पुढे एक पाऊलही टाकायचं नाही, तोंड किनाऱ्याकडे. बघत बघत परत या, काही हरकत नाही, पण अर्ध्या तासात शेवटचा चर ओलांडलेला हवा. शिवाय जाताना वाटेतल्या सगळ्यात खोल चरात एक दगड हेरून ठेवायचा, दर दहा मिनिटांनी वळून त्याच्याकडे बघायचं, पाणी त्याच्या पायाला लागलं की निघायचं, मग अलार्म वाजलेला असो की नसो. हे मला त्या मावशींनी शिकवलं. वाऱ्याच्या दिवशी पाणी टेबलाचं ऐकत नाही, दगड मात्र समोर काय चाललंय ते दाखवतो.

सोबत कोणीतरी असावं. एकट्याने जाऊ नका.

पायात काय

जुने कॅनव्हासचे किंवा स्पोर्ट्स शूज, लेस घट्ट. चप्पल नाही, फ्लोटर्स नाहीत, अनवाणी तर नाहीच, कालवांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी असते.

उतरणं

हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका, खरखरीत कोरड्या खडकावर टाका, घाई नको.

बघणं

इथे बहुतेक लोक चालत राहतात आणि म्हणून त्यांना काही दिसत नाही. एक डबकं निवडा, परातीएवढं असलं तरी पुरे, त्याच्या काठाला उकिडवे बसा, तुमची सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा, आणि पाच मिनिटं हलू नका. पहिली दोन मिनिटं ते रिकामंच वाटेल. मग एक शंख चालायला लागेल, गोगलगायीसारखा सरकत नाही, तुरुतुरु पळतो, तो शंखातला खेकडा, हर्मिट क्रॅब. मग तळाच्या वाळूच्या रंगाचा बोटाएवढा मासा हलेल. कातळाच्या कडेला जे ओल्या जेलीच्या गोळ्यासारखं चिकटलंय ते मिटलेलं समुद्रफूल, पाण्याखाली असेल तर तेच उघडून झिपऱ्या पसरून बसलेलं दिसतं, आणि हे फूल अर्थातच प्राणी आहे. मध्येच चटक असा आवाज येतो, कोणीतरी बोटं मोडल्यासारखा, तो एका छोट्या कोळंबीचा, पिस्टल श्रिंप म्हणतात तिला, ती पंजा झटक्यात मिटते त्याचा. कार्टर रोडच्या खारफुटीकडच्या चिखलात निवट्या दिसतात, ओल्या चिखलावर उड्या मारणारे मासे, त्यांना लांबूनच बघा, खारफुटीच्या मुळांमध्ये शिरू नका.

काही ठिकाणी कातळावर हिरवट गोल बटणं दाटीने लावल्यासारखा गालिचा असतो, ते झोअँथिड, तेही प्राणीच. यातल्या काही जातींमध्ये फार जहाल विष असतं, आणि नसलं तरी तुमच्या बुटाखाली एका पावलात पन्नास चिरडतील, त्यामुळे वळसा घालून जा.

दगड उलटायचाच असेल तर छोटा उलटा, हळू, आणि बघून झालं की होता तसाच परत ठेवा, वरची बाजू वर. खालच्या बाजूला जे राहतात त्यांना ऊन सहन होत नाही. लोक दगड उलटून तसाच टाकून पुढे जातात तेव्हा माझा राग आवरत नाही, तिथलं बरंच काही वाळून मरतं. पोरांनाही हे आधी सांगा आणि मगच हात लावू द्या. डबक्यातला खेकडा बाटलीत भरून घरी नेणं हा तर क्रूरपणा आहे, तो तिथे फार काळ जगत नाही. रिकामे शंखही खिशात घालू नका, हर्मिट क्रॅब वाढला की त्याला मोठं घर लागतं आणि ते त्याला तिथेच मिळायला हवं.

हात लावायचा नाही असे

शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख दिसले तर उचलू नका. कोन शंखाच्या आत जिवंत प्राणी असेल तर तो विषारी दंश करतो, काही जातींचा दंश माणसाच्या जिवावर बेततो. निळे फुगे, म्हणजे ब्लू बॉटल, पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येऊन पडतात, मेलेले दिसले तरी त्यांचे दोरे डसतात, लहान मुलं फुगा समजून दाबायला जातात तेव्हा लक्ष ठेवा. वाळूच्या उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला. पाकट, म्हणजे स्टिंगरे मासा, वाळूत अंग पुरून बसलेलं असतं, पावलांची चाहूल लागली की ते स्वतःच निघून जातं, पण अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. काटा लागलाच तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि थेट हॉस्पिटल गाठायचं, हळद-चुना लावत बसायचं नाही.

फोटो

फोन पाण्याजवळ नेऊन एक फोटो जवळून आणि एक आजूबाजूच्या खडकासकट काढा, ओळख पटवायला दोन्ही लागतात. मग आयनॅचरलिस्टवर, म्हणजे जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर, टाका, जाणकार लोक नाव सांगतात आणि त्या जागेची नोंदही राहते. पहिल्यांदा फक्त घरच्यांना घेऊन जायची भीती वाटत असेल तर मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर फिरवतायत, त्यांच्यासोबत एकदा जाऊन या, नजर तयार होते. आणि कालवं काढणारी कोळीण दिसली तर विचारा, मावशी, आज पाणी कसंय? त्या कामात असतात, लांबलचक गप्पा मारू नका, पण त्या "आज लवकर फिरेल" म्हणाल्या तर टेबल बाजूला ठेवा आणि त्यांचं ऐका.

घरी आल्यावर

कुठे खरचटलं असेल तर साबणाने नीट धुवा, कालवाची जखम दिसते छोटी पण चिघळते. शूज गोड्या पाण्यात दोनदा बुडवून आत कागद कोंबून सावलीत ठेवा, उन्हात सोल सुटतो, आणि वास जायला दोन दिवस तरी लागतात.