मुलांसाठी एडीएचडीची औषधे तोलताना या चुका टाळा

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे कठीण जाण्याची अवस्था, असलेल्या मुलाला औषध सुरू झाले की आठवड्याभरात घरी, शाळेत आणि शिकवणीत एकच प्रश्न विचारला जातो: 'आता शांत बसतो का?' विशेष शिक्षिका म्हणून मला हा प्रश्न रोज ऐकू येतो, आणि दोन औषधांची तुलना बहुतेक वेळा इथेच चुकते. मनातला आवेग आवरणे, सूचना डोक्यात धरून ठेवणे, कामाचा क्रम लावणे आणि एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणे, या क्षमतांना मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. मूल जागेवर बसू लागले एवढ्यावरून या क्षमता सुधारल्या, असे मानता येत नाही.

याचा एक जुना आणि बोलका दाखला आहे. १९७७ साली स्प्रेग आणि स्लीटर या अमेरिकी संशोधकांनी मिथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचे वेगवेगळे डोस मुलांना देऊन पाहिले. वजनाच्या दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅम डोसवर मुलांची स्मरणाच्या कामातली कामगिरी सर्वांत चांगली होती, तर शिक्षकांना मुलांचे वर्तन सर्वाधिक सुधारलेले वाटले ते दर किलोमागे १ मिलिग्रॅम या डोसवर, जिथे स्मरणाचा फायदा उरला नव्हता. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, परंतु त्यामागचे कारण आजही पटण्यासारखे आहे. कपाळामागच्या मेंदूच्या भागाला डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने बेताचीच लागतात, कमी पडली तरी काम बिघडते आणि जास्त झाली तरीही. म्हणून मूल गप्प, मंद आणि हरवल्यासारखे दिसू लागले, तर 'औषध छान लागू पडले' असे समजून थांबू नये. डोस जास्त होत नाही ना, हे डॉक्टरांना विचारावे.

मग मोजायचे काय? मी हातचा पाहते. पाचवीतल्या एका मुलीच्या वहीत ४७ आणि ३८ यांची बेरीज ७५ लिहिलेली होती. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. पुढच्या रकान्यात जाईपर्यंत तो एक तिच्या डोक्यातून निसटला. बेरीज तिला उत्तम येत होती, अडचण होती ती आकडा मनात धरून ठेवण्याची. औषधापूर्वी, आणि नंतर प्रत्येक डोसवर, त्याच प्रकारची दहा गणिते ठरलेल्या वेळी सोडवून घेतली आणि निसटलेले हातचे मोजले, तर 'बरा आहे' किंवा 'फरक नाही' यापेक्षा कितीतरी नेमकी माहिती डॉक्टरांच्या हाती पडते. त्याच्या जोडीला सकाळी दप्तर भरताना किती वेळा आठवण करावी लागली, याची नोंद ठेवावी, कारण चाचणीतली कामगिरी आणि रोजचे वागणे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही.

दुसरी मोठी गल्लत घड्याळाची आहे. मिथिलफेनिडेटची साधी गोळी अर्ध्या ते एका तासात काम करू लागते आणि तिचा असर तीन ते चार तास टिकतो. सातच्या शाळेसाठी साडेसहाला घेतलेली गोळी साडेदहाच्या सुमारास ओसरते. संध्याकाळी पाचला गृहपाठावर भांडण झाले म्हणून ती गोळी निकामी ठरवणे अन्यायाचे आहे. शाळेतले पहिले तास कसे गेले, हे आधी बाईंना विचारायला हवे. दीर्घकाळ काम करणारी गोळी दहा-बारा तासांपर्यंत पुरते, परंतु ती चुरून किंवा चावून दिली तर औषध हळूहळू सोडण्याची तिची रचनाच मोडते. ॲटॉमॉक्सेटिन या एडीएचडीवरच्या दुसऱ्या औषधाचे गणित याहून निराळे आहे. ते रोज नेमाने घ्यावे लागते, डोस वजनानुसार वाढवत नेतात आणि पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. एकदा बसले की मात्र सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा साथ देते. दहाव्या दिवशी ते मिथिलफेनिडेटशेजारी ठेवून तोलणे म्हणजे नुकत्याच पेरलेल्या शेतात कणसे शोधणे होय. शेजारच्या मुलाचे मिलिग्रॅम आणि आपल्या मुलाचे मिलिग्रॅम यांची तुलनाही अशीच निरर्थक आहे.

२०१८ साली लॅन्सेट सायकिॲट्री या नियतकालिकात आलेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणाने मुलांसाठी मिथिलफेनिडेटला पहिली पसंती दिली, आणि पालक त्याचा हवाला देतात. त्यात मोजली होती ती मुख्यतः लक्षणे आणि औषध सोसण्याची क्षमता, तीही साधारण बारा आठवड्यांच्या आसपास. हातच्याचा हिशेब त्यातून निघत नाही. क्लोनिडिन या एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या आणखी एका औषधाबाबत वेगळी सावधगिरी हवी, कारण त्याने येणारी गुंगी पटकन शांतपणा समजली जाते. शिवाय ते एकदम बंद केल्यास रक्तदाब उसळी घेऊ शकतो.

काही वेळा दोष औषधाचा नसतोच. मिथिलफेनिडेट भारतात शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत मोडते, त्यामुळे प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. शनिवारी गोळ्या संपल्या आणि दोन-तीन दिवस खंड पडला, तर 'आता असर होत नाही' या तक्रारीआधी तो खंड डॉक्टरांना सांगावा; गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच दुकानात फोन केलेला बरा. डबा जसाच्या तसा परत येत असेल तर दुपारची चिडचिड भुकेचीही असू शकते, त्यामुळे नाश्ता गोळीच्या आधी द्यावा आणि वजन, उंची, नाडी, रक्तदाब वेळोवेळी तपासून घ्यावेत. औषध बदलत असताना त्याच आठवड्यात शिकवणीही बदलू नये, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कुणालाच सांगता येणार नाही.

ॲटॉमॉक्सेटिन सुरू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, किंवा मूल मरणाच्या गोष्टी बोलू लागले, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.