डीएमआयडीकोड रूटलाही प्रोसेसरची माहिती देत नसेल तर

डीएमआयडीकोड म्हणजे फर्मवेअरने ठेवलेल्या डीएमआय टेबलमधून हार्डवेअरची माहिती दाखवणारी कमांड. लक्षण: सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू असलेल्या लिनक्स सर्व्हरवर ‘डीएमआयडीकोड -टी प्रोसेसर’ चालवलं की ‘/डेव्ह/मेम: ऑपरेशन नॉट परमिटेड’ असा एरर येतो (/डेव्ह/मेम म्हणजे मेमरी थेट वाचायची फाइल). रूट असूनही!

बूट पॅरामीटरमध्ये ‘आयओमेम=रिलॅक्स्ड’ टाकून पाहिलं, कर्नल लॉकडाउनपुढे (सिक्युअर बूटसोबत लागू झालेलं, रूटलाही मेमरी थेट वाचू न देणारं बंधन) ते चाललं नाही. सिक्युअर बूट बंद करायचं मी टाळलं, आणि त्याची गरजही नाही. अक्षरशः डोकं फिरलं होतं.

आधी ‘एलएस /सिस/फर्मवेअर/डीएमआय/टेबल्स’ पाहा. कर्नल 4.2 पासून तिथे ‘डीएमआय’ आणि ‘एसएमबायोस_एंट्री_पॉइंट’ या दोन फाइल असतात. त्या दिसल्या तर डीएमआय टेबल शाबूत आहे. मग ‘डीएमआयडीकोड --व्हर्जन’. माझ्याकडे 2.12 निघालं, आणि ते थेट /डेव्ह/मेम वाचतं. 3.0 पासून ते या फाइल वाचतं. ‘टाइप -ए डीएमआयडीकोड’ दिल्यावर कळलं, /यूएसआर/लोकल/एसबिन मधली जुनी प्रत डिस्ट्रोच्या (लिनक्स वितरणासोबत आलेल्या) प्रतीआधी सापडत होती. ती काढली, डिस्ट्रोचं पॅकेज टाकलं, त्याच रूट शेलमध्ये ‘हॅश -आर’ दिलं (नाहीतर शेल जुनाच पाथ धरून बसतो), आणि मूळ कमांड पुन्हा चालवली. सॉकेट, कोअर काउंट, थ्रेड काउंट, सगळं आलं.

त्यातला ‘करंट स्पीड’ मात्र बूटच्या वेळचा असतो. चालू वेग हवा असेल तर /प्रॉक/सीपीयूइन्फो मधला ‘सीपीयू एमएचझेड’ पाहा.