कोंबडी लंगडायला लागली? कॅल्शियमची बाटली जरा बाजूला ठेवा

आमच्या खानापूरकडं पिल्लू लंगडलं की पहिलं काम म्हणजे पाण्यात कॅल्शियम टॉनिक ओतायचं. मीपण तेच केलं, वर म्हशीसाठी आणलेलं मिनरल मिक्श्चर पडलं होतं तेही मूठभर टाकलं, आणि पाय सरळ व्हायचे राहिले बाजूला, आणखी चार पिल्लं बसली की! नंतर कळलं, जनावरांच्या पावडरीत जास्त करून कॅल्शियम-फॉस्फरसच असतं, आणि ते जास्त झालं की मँगनीज, झिंक अंगाला लागत नाही.

म्हणून आधी पाय बघा. मधला सांधा (आपण गुडघा म्हणतो, खरं तर तो घोटा) सुजलाय, शीर (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) बाजूला सरकून पाय बाहेर वळलाय, तर मँगनीजची कमतरता असू शकते, कोलीन-बायोटिन ही जीवनसत्त्वं कमी पडली तरी असंच होतं. हाड मऊ, चोच रबरासारखी वाकते, तर मात्र कॅल्शियम, फॉस्फरस नाहीतर डी-३ जीवनसत्त्व बघा. पाय आखूड-जाड आणि पिसं विस्कटलेली असली तर झिंक. एक पाय पुढं एक मागं टाकून पडलीय तर मरेक्स (विषाणूचा रोग) असू शकतो, तिथं पावडरीचं काम नाही, डॉक्टरला दाखवा.

मग खाद्य. घरचा मका भरडा आणि सोयापेंड एवढ्यावर भागत नाही, कारण त्यातलं फायटेट (दाण्यातलाच एक घटक) झिंकला धरून ठेवतं. ब्रॉयलरला किलोभर खाद्यामागं साधारण मँगनीज 60, झिंक 40, तांबं 8 मिलीग्रॅम लागतं. म्हणजे चिमूटसुद्धा नाही, म्हणून कोंबड्यांचंच ट्रेस मिनरल (अगदी थोडी लागणारी खनिजं) मिक्श्चर घ्यायचं आणि डोस पाकिटावरचाच. तो बहुतेक टनाचा लिहिलेला असतो, टनाला 1 किलो असेल तर 100 किलोला 100 ग्रॅम, इथंच लोक चुकतात.

मिसळताना थेट ढिगावर फेकू नका. 100 ग्रॅम आधी किलोभर भरड्यात, ते 10 किलोत, मग सगळ्यात, फावड्यानं तीन-चार वेळा उलटंपालटं करून. नाहीतर एकीच्या चोचीत सगळं आणि दुसरीला नुसता मका. पावसाळ्यात पोती फळीवर ठेवा, आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, आणि महिन्याभरात संपेल एवढंच मिसळा.

शीर सरकलेला पाय मात्र आता सरळ होत नाही, हे सगळं बाकीच्या पिल्लांसाठी.

तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) लेयर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, घालू नका, त्यात कॅल्शियम 3.5-4 टक्के असतं, वाढीच्या वयात 1 टक्क्याच्या आसपास पुरतं, जास्तीनं किडनी जाते. अंड्यावर आल्या की मग द्या, एका कवचालाच 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं आणि फीडमधून नाही मिळालं तर ती हाडातनं काढते. शिंपल्याचा जाड चुरा वेगळ्या भांड्यात संध्याकाळी ठेवा, कवच रात्री बनतं.