या चुका टाळा : रुग्णवाहिकेवर काम करताना कायद्याचे आणि नीतीचे भान

इंदुरात रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना शिकवताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. त्यांना पोलिसांची भीती वाटते, कोर्टाची भीती वाटते, अपघातातल्या माणसाला हात लावला तर आपणच अडकू अशीही भीती वाटते. पण नातेवाइकाची सही घेऊन रुग्णाला घरीच सोडणे, दवाखान्याच्या दारातल्या स्ट्रेचरवर ठेवून निघून येणे किंवा मोबाइलवर फोटो काढणे यांत काही धोका असेल असे त्यांच्या मनातही येत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका या उलट्या हिशेबातूनच होतात.

'एमएलसी' म्हणून खोळंबून राहणे

ए.बी. रोडवर राऊच्या अलीकडे दुचाकी घसरली, की जमलेल्या गर्दीतून कोणीतरी बजावतोच, ‘पोलीस आल्याशिवाय हलवू नका, एमएलसीची केस आहे.’ एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवावे लागते असे प्रकरण. हा समज खोडून काढायला सर्वोच्च न्यायालयाला १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात निकाल द्यावा लागला. मोटारीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने दाखल करून न घेता, अशा केसेस घेण्याचा अधिकार असलेल्या सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पाठवले, आणि तो वाटेतच गेला. प्रत्येक डॉक्टरने, मग तो सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायचा आणि कायद्याचे सोपस्कार त्याच्या आड येऊ द्यायचे नाहीत, असे न्यायालयाने त्यावर स्पष्ट केले. पोलिसांना कळवायचे, हे खरे. पण कळवायचे म्हणजे त्यांची वाट पाहत बसायचे नव्हे.

पुरावा जपायचा तो उपचार चालू ठेवून. कपडे कापताना चाकूच्या किंवा गोळीच्या छिद्रातून कात्री फिरवू नये, छिद्र बाजूला ठेवून कापावे. रक्ताने भिजलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले तर कुजतात, म्हणून ते कागदी पिशवीत ठेवावेत. मृत्यू घोषित करणे हे डॉक्टरचे काम आहे; प्रेत ताठरलेले किंवा कुजू लागलेले असेल तर जागा न हलवता पोलिसांना आणि कंट्रोलला, म्हणजे रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षाला, कळवावे, मात्र जराही शंका असेल तर सीपीआर सुरू करावा.

याच्याशी जोडलेली आणखी एक गफलत आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या वाटसरूला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. हे संरक्षण आपल्यालाही आहे, असे अनेक ईएमटी (रुग्णवाहिकेवरचे प्रशिक्षित उपचार-कर्मचारी) समजून चालतात. ते स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पुढे आलेल्या माणसासाठी आहे. ड्यूटीवर, पगारावर असलेल्या माणसासाठी नाही. आपले काम उलट इतकेच, की ज्या वाटसरूने फोन केला किंवा जखमीला उचलून आणले, त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करायची नाही आणि अडवून ठेवायचे नाही.

नातेवाइकाची सही म्हणजे रुग्णाचा नकार, असे धरणे

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. राजेंद्रनगरातल्या एका घरी रात्री साडेदहाच्या सुमारास आम्ही गेलो. आजी झोपाळ्याच्या कडेला बसलेल्या, एक हात जबड्याशी, कपाळावर घाम. मुलगा दारातच म्हणाला, ‘आईने संध्याकाळी भुट्ट्याचा कीस खाल्ला, ॲसिडिटी आहे, काही नाही. सही कुठे करू?’ माझा सहकारी बुंदेलखंडचा. त्याने हिंदीत विचारले तेव्हा आजींनी मान हलवून ‘ठीक हूँ, बेटा’ म्हटले. सही घेऊन निघण्याच्या बेतात असताना मी सहज मराठीत विचारले, ‘आजी, नेमकं काय होतंय?’ त्या म्हणाल्या, ‘छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय रे. पण ह्याला उद्या सुट्टी मिळायची नाही.’

आजींचा नकार असा नव्हताच. होती ती मुलाची काळजी. इंदुरात मराठी घरांतली मोठी माणसे हिंदी उत्तम बोलतात, पण दुखणे मात्र मायबोलीतच बाहेर येते, आणि घरातले कर्ते माणूस बोलू लागले की आजारी माणूस आपोआप गप्प होतो. म्हणून रुग्णाला नातेवाइकांपासून चार पावले बाजूला घेऊन, त्याच्या भाषेत, त्याच्याशीच बोलावे. त्या रात्री आजींना धोका साध्या शब्दांत समजावून सांगितला आणि त्या आमच्यासोबत आल्या.

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. समीरा कोहली प्रकरणात (जानेवारी २००८) रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन पुढची शस्त्रक्रिया केली होती. जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान, सक्षम रुग्णाच्या जागी दुसऱ्याची संमती चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आईची संमती चालत नसेल, तर मुलाचा नकार तरी कसा चालावा?

नकार खुद्द रुग्णाचा असला तरी तो देण्याच्या स्थितीत तो आहे का, हे आधी पाहावे लागते. भारतीय न्याय संहितेचे कलम २८ सांगते, की नशेमुळे किंवा मन ठिकाणावर नसल्यामुळे ज्याला आपल्या संमतीचे स्वरूप आणि परिणाम कळत नाहीत, त्याची संमती ही संमती नव्हे. बारा वर्षांखालील मुलाचीही साधारणपणे नव्हे. हीच कसोटी नकारालाही लावावी, असे माझे मत आहे. डोक्याला मार लागलेला, दारू प्यायलेला किंवा साखर उतरलेला माणूस जोरजोरात ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो. साखर उतरलेला मधुमेही तर हुबेहूब प्यायलेल्यासारखा वागतो. तेव्हा ग्लुकोमीटर न लावता ‘पेशंट नशेत, नकार दिला’ असे लिहिणे ही अक्षम्य चूक आहे. आपण काय सांगितले ते त्याला स्वतःच्या शब्दांत परत सांगता येते का, एवढी एक चाचणीही पुष्कळ काही उघड करते.

सक्षम माणसाने सारे समजून नकार दिला, तर तो मानावाच लागतो. त्याला खोटी भीती घालू नये, बळजबरीने उचलू नये. मात्र ‘पेशंटने नकार दिला, सही घेतली’ ही एक ओळ म्हणजे नोंद नव्हे. बीपी, नाडी, शुगर, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) किती होते. कोणता धोका, कोणत्या भाषेत सांगितला. रुग्ण काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत. साक्षीला कोण होते. कंट्रोलवरच्या डॉक्टरशी बोलणे झाले का. आणि त्रास वाढला तर पुन्हा १०८ ला फोन करायला सांगितले का, हे सारे पीसीआरवर, म्हणजे रुग्णाच्या नोंदपत्रकावर, हवे.

बेशुद्ध माणसाबद्दल मात्र मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही. न्याय संहितेच्या कलम ३० नुसार संमती देणे अशक्य असेल आणि वेळेत विचारता येईल असा पालकही नसेल, तर रुग्णाच्या हितासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. त्या कलमाखालचे उदाहरण इंग्रजांच्या काळापासून तसेच चालत आले आहे: घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेला माणूस आणि त्याच्या कवटीवर शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद. आपल्याकडे घोड्याच्या जागी मोटारसायकल आली, इतकाच फरक.

माळव्याच्या खेड्यांतून येणाऱ्या सल्फासच्या (धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांच्या) केसेसमध्ये घरचे ‘चुकून पोटात गेलं’ म्हणतात आणि डबी लपवतात, कारण पोलीस आजारी माणसालाच पकडतील असे त्यांना वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरते, आणि तसे नसल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्याला शिक्षा होत नाही. हे दोन वाक्यांत सांगितले, की डबी पुष्कळदा बाहेर येते आणि डॉक्टरला नेमके विष कळते.

दवाखान्याच्या दारात जबाबदारी संपली, असे मानणे

ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका दवाखान्यात रात्री बेड नव्हता, दुसरा कॉल आला होता, म्हणून मी एका वृद्धेला बाकड्यावर बसवून वॉर्डबॉयला ‘बघ रे’ म्हणालो आणि निघालो. दोन दिवसांनी तक्रार आली, की हातातल्या पाटल्या नाहीत आणि डॉक्टरने पहिल्यांदा पाहिले तेव्हा एक तास उलटून गेला होता. पाटल्या पुढे सुनेकडे सापडल्या. पण रुग्ण मी कोणाच्या स्वाधीन केला, किती वाजता केला, याला माझ्याकडे एकाही सहीचा आधार नव्हता. डॉक्टर किंवा नर्सने रुग्ण ताब्यात घेतल्याची सही, वेळ आणि सोबतच्या दागिन्यांची, पैशांची यादी, एवढे झाल्याखेरीज रुग्ण आपलाच असतो.

बेड नाही म्हटल्यावर कंट्रोलला न विचारता एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहणे, ही त्याचीच दुसरी बाजू. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला कोलकात्याच्या बाजूला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी असेच परत पाठवले होते. पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग ठरवून २५,००० रुपये भरपाई दिली, आणि कुठे बेड आहे हे कळावे म्हणून मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी असेही सुचवले. तेव्हा कंट्रोलला विचारणे ही मेहेरबानी नव्हे; ती व्यवस्था त्याचसाठी आहे.

बाकीच्या, पण तितक्याच महाग पडणाऱ्या

कंट्रोलवरच्या डॉक्टरच्या आदेशाशिवाय औषध देऊ नये, आणि आदेश मिळाल्यावर त्या डॉक्टरचे नाव, औषधाची मात्रा आणि वेळ लगेच टिपावी. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास न्याय संहितेचे कलम १०६ नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षे, तर इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. ईएमटी आणि पायलट (रुग्णवाहिकेचा चालक) त्या ‘इतरां’त येतात. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड होऊ शकतो, हे पायलटला पाठ असते. सायरन वाजत असताना कोणाला ठोकरले तर सायरन ही सबब होत नाही, हेही पाठ असावे.

फोटो काढून ग्रुपवर टाकू नये, रुग्णाचा चेहरा झाकलेला असला तरी नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा तर न्याय संहितेच्या कलम ७२ खाली सरळ गुन्हाच आहे. एचआयव्हीची माहिती स्ट्रेचर ढकलताना वॉर्डबॉयला ओरडून सांगणे, हे मी अनेकदा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी लाज वाटली आहे.

पीसीआरमध्ये निष्कर्ष नको, निरीक्षण हवे. ‘दारू प्यायलेला’ नव्हे, तर ‘तोंडाला दारूसारखा वास, बोलणे अडखळत, शुगर अमुक’. चुकलेला शब्द एका रेघेने असा खोडावा, की खालचे वाचता येईल, आणि शेजारी आद्याक्षरे व वेळ घालावी. व्हाइटनर लावलेला कागद वकिलाच्या हाती पडला, की त्याखाली काय होते याचाच तर्क सुरू होतो. एखादी गोष्ट दुसऱ्या दिवशी आठवली तर ती मधल्या मोकळ्या जागेत घुसवू नये. शेवटच्या ओळीखाली, ‘उशिरा केलेली नोंद’ असे लिहून, त्या दिवसाच्या तारखेने आणि वेळेने घालावी.